जॅम बँडच्या पहिल्या मैफलीला जाताना

अमेरिकेत नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी आलेल्या मराठी माणसाला कधीतरी एखादा सहकारी विचारतो, ‘शनिवारी फिशच्या कार्यक्रमाला येतोस का?’ तो माणूस त्या बँडची दोन-तीन लोकप्रिय गाणी ऐकून मोठ्या उत्साहाने जातो. ती गाणी त्या रात्री वाजतच नाहीत, जे एक गाणे वाजते ते पंचवीस मिनिटे संपत नाही, आजूबाजूचे लोक डोळे मिटून डोलत असतात, आणि आपल्याला काहीतरी कळत नाही अशी रुखरुख घेऊन तो घरी येतो व पुन्हा त्या वाटेला जात नाही. माझ्या पहिल्या मैफलीत माझे अगदी असेच झाले होते. दुसऱ्यांदा जायला मला दोन वर्षे लागली. ती दोन वर्षे वाया गेली याचे मला आजही वाईट वाटते, आणि ज्या गोष्टी मला तेव्हा कोणी सांगितल्या नाहीत त्या इथे क्रमाने सांगाव्यात म्हणून हे लिहीत आहे.

जॅम बँडची गाणी रचलेली असतात, परंतु त्या गाण्यांच्या पोटातले वादन मंचावर, त्याच रात्री, सर्व वादकांच्या संमतीने घडते. या परंपरेचे मूळ ग्रेटफुल डेड या बँडमध्ये आहे. तो १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे सुरू झाला आणि गिटारवादक जेरी गार्सिया यांचे ऑगस्ट १९९५ मध्ये निधन होईपर्यंत त्याने सुमारे २३०० मैफली केल्या. व्हरमाँट विद्यापीठात १९८३ मध्ये जुळून आलेल्या फिशने ती परंपरा पुढच्या पिढीकडे नेली. त्यांच्या मागोमाग वाइडस्प्रेड पॅनिक, अम्फ्रीज मगी, गूस आणि ब्लूग्रास या अमेरिकी लोकसंगीताच्या अंगाने जाणारे बिली स्ट्रिंग्ज असे अनेकजण आले. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे, पण आज जे वाजवले ते उद्या तसेच वाजवायचे नाही, ही शिस्त सर्वांना समान आहे. २०१७ च्या उन्हाळ्यात फिशने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सलग कार्यक्रमांच्या १३ रात्री केल्या आणि त्या तेरा रात्रींत एकही गाणे दुसऱ्यांदा वाजवले नाही. म्हणूनच रसिक एकाच शहरातल्या तिन्ही रात्रींची तिकिटे काढतात. ‘तेच तेच किती वेळा ऐकणार?’ हा प्रश्न इथे गैरलागू ठरतो.

कानाची तयारी

जाण्याच्या आधी निदान पंधरा दिवस ऐकायला सुरुवात करावी, आणि स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेल्या अल्बमांऐवजी मैफलींची ध्वनिमुद्रणे ऐकावीत. यात अडचण कसलीच नाही, कारण रसिकांनी मैफल ध्वनिमुद्रित करावी आणि पैसे न घेता एकमेकांना द्यावी, ही मुभा या बँडनी स्वतःहून दिलेली आहे. ग्रेटफुल डेडने १९८४ च्या ऑक्टोबरमध्ये अशा ध्वनिमुद्रकांसाठी प्रेक्षागृहात वेगळी जागा आणि वेगळी तिकिटे ठेवायला सुरुवात केली. अशा ध्वनिमुद्रकांना ‘टेपर’ म्हणतात. इंटरनेट आर्काइव्हच्या संग्रहात अशा हजारो मैफली विनामूल्य ऐकता येतात, आणि बहुतेक बँड स्वतःही प्रत्येक मैफल नंतर ऐकण्यासाठी उपलब्ध करून देतात.

आता या महासागरात सुरुवात कुठून करायची? ग्रेटफुल डेडसाठी मी नेहमी ८ मे १९७७ ची मैफल सुचवतो. ती इथाका येथील कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये झाली आणि बेटी कँटर-जॅक्सन यांनी केलेले तिचे ध्वनिमुद्रण इतके स्वच्छ आहे की प्रत्येक वाद्य वेगळे काढून ऐकता येते. पुढे अमेरिकेच्या काँग्रेसच्या ग्रंथालयाने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत तिचा समावेश केला. हीच सर्वश्रेष्ठ मैफल की नाही, यावर जाणकार पहाटेपर्यंत वाद घालतात. मला स्वतःला तो वाद महत्त्वाचा वाटत नाही, कारण नवख्या कानाला ती लगेच जवळ करते एवढे कारण मला पुरेसे आहे.

ऐकताना एक गृहपाठ अवश्य करावा. कोणतेही एक गाणे निवडून त्याच्या तीन वेगवेगळ्या वर्षांतल्या आवृत्त्या लागोपाठ ऐकाव्यात आणि शब्द संपून रचलेला भाग कुठे सरतो, ती जागा घड्याळात पाहून कागदावर लिहून ठेवावी. तिन्ही आवृत्त्यांत त्या जागेपर्यंतचा भाग जवळजवळ सारखा असेल आणि तिथून पुढे तिन्ही वाटा तीन दिशांना जातील. ही जागा एकदा कानाला सापडली की प्रत्यक्ष मैफलीत आपण हरवत नाही. ज्याने घरात ख्याल ऐकला आहे त्याला हे नवे नाही: बंदिश सांगून झाली की गवई तिच्या आधाराने बढत करतो, आणि श्रोता बंदिशीचे शब्द विसरून बढतीकडे लक्ष देतो.

तिकिटे आणि दिवस

या भागात फार वेळ घालवण्यासारखे काही नाही, तरी दोन-तीन गोष्टी सांगतो. मोठ्या बँडची तिकिटे आधी सोडत पद्धतीने मिळतात, त्यामुळे दौरा जाहीर होताच नाव नोंदवावे. ती संधी हुकली तर चढ्या भावाने विकणाऱ्याकडे जाऊ नये. मूळ किमतीलाच तिकीट द्यायचे, अशी रसिकांमध्ये रूढ रीत आहे आणि कॅशऑरट्रेडसारखी देवघेवीची ठिकाणे त्याच रीतीवर चालतात. कार्यक्रमाच्या दिवशी बाहेर काहीजण एक बोट वर धरून उभे दिसतात. त्याचा अर्थ ‘मला एक तिकीट हवे आहे’ असा असतो, आणि ग्रेटफुल डेडच्या एका गाण्यावरून अशा फुकट मिळालेल्या तिकिटाला ‘मिरॅकल’ म्हणतात. आपला एखादा मित्र ऐनवेळी आला नाही तर त्याचे तिकीट अशा हातात द्यावे. मी आजवर दोनदा दिले आहे, आणि त्या दोन्ही चेहऱ्यांवरचा आनंद मला त्या रात्रीच्या गाण्यांपेक्षा स्पष्ट आठवतो.

दोन रात्रींपैकी एकच निवडायची असेल तर मी शनिवार सोडून शुक्रवार किंवा रविवार घेण्याचा सल्ला देतो. शनिवारी गर्दी जास्त असते आणि गप्पा मारण्यासाठी आलेले लोकही जास्त असतात, तर रविवारी जे येतात ते ऐकायला येतात.

मैदानाबाहेरचा बाजार

मैफल सात-साडेसातला सुरू होणार असली तरी चारपर्यंत तिथे पोहोचावे. गाड्या उभ्या करण्याच्या मैदानाला रसिक ‘लॉट’ म्हणतात आणि तिथे भरणाऱ्या बाजाराच्या गल्लीला ग्रेटफुल डेडच्या १९७८ मधील अल्बमच्या नावावरून ‘शेकडाउन स्ट्रीट’ असे नाव पडले आहे. हातांनी रंगवलेले सदरे, चित्रफलक, टोपीला लावायच्या बारीक नक्षीच्या पिना, छोट्या शेगडीवर भाजलेले चीज सँडविच, भाज्या घातलेले बरीटो असे सर्व तिथे मिळते. विकणारे बहुतेक स्वतः रसिकच असतात आणि एका गावाहून दुसऱ्या गावापर्यंतच्या पेट्रोलचा खर्च त्या विक्रीतून काढतात. आपल्याकडे जत्रेत देवदर्शनाआधी दुकाने पाहत हिंडतात, तसे इथे हिंडावे. शाकाहारी माणसाची इथे उपासमार होत नाही, उलट आतल्या महागड्या दुकानांपेक्षा बाहेरच पोट भरून घ्यावे. रोख पैसे, विशेषतः एक आणि पाच डॉलरच्या नोटा, जवळ असाव्यात.

याच गल्लीत नशेचे पदार्थही फिरतात, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. कोणी काही खायला-प्यायला दिले आणि त्यात काय आहे हे ठाऊक नसेल, तर नम्रपणे नको म्हणावे. नकार दिल्याने कोणी रागावत नाही. फुग्यांत भरून विकल्या जाणाऱ्या नायट्रस ऑक्साइड या गुंगी आणणाऱ्या वायूपासून तर लांबच राहावे, कारण तो घेणारे उभ्या उभ्या कोसळून डोके फुटल्याचे मी पाहिले आहे. जे नागरिक नाहीत, व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर आहेत, त्यांच्यासाठी आणखी एक गंभीर बाब आहे. ज्या राज्यात गांजा कायदेशीर आहे तिथेही केंद्रीय कायद्याने त्याला मुभा दिलेली नाही, आणि स्थलांतराचे सर्व निर्णय केंद्रीय कायद्यानुसार होतात. राज्याच्या कायद्यावर विसंबून आपला व्हिसा धोक्यात घालू नये.

नशा न करता हे संगीत ऐकणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांची संघटित परंपरा आहे. ग्रेटफुल डेडच्या आणि नंतर त्यांची गाणी पुढे नेणाऱ्या बँडच्या मैफलींमध्ये ‘व्हार्फ रॅट्स’ नावाचा गट १९८० च्या दशकापासून मध्यंतरात पिवळे फुगे बांधलेल्या टेबलाजवळ जमतो, तर फिशच्या मैफलींत ‘फेलोशिप’ हा तसाच गट असतो. व्यसनातून बाहेर आलेली माणसे तिथे एकमेकांना धीर देतात. एकट्याने गेलेल्या, काहीही न घेणाऱ्या माणसानेही तिथे थोडा वेळ उभे राहावे. मला या मैफलींतले सर्वांत जुने स्नेही त्या पिवळ्या फुग्यांखालीच भेटले.

आत गेल्यावर

कानांसाठी बोळे आधी घ्यावेत, मग बाकीचे सामान. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला जास्तीत जास्त आठ तास सोसावा असे अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्याचे प्रमाण सांगते, आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला हा अवधी निम्मा होत जातो, म्हणजे १०० डेसिबलला तो अवघा पंधरा मिनिटे उरतो. जॅम बँडची मैफल मध्यंतर धरून तीन तासांच्या आसपास चालते. संगीतासाठी बनवलेले बोळे मिळतात, ते आवाजाचा पोत न बिघडवता फक्त त्याची तीव्रता कमी करतात. सोबत लहान मूल असेल तर त्याच्या कानांवर पूर्ण झाकणारे कर्णरक्षक घातल्याशिवाय त्याला आत नेऊच नये.

जागा निवडताना मंचाच्या अगदी पुढे जाण्याचा मोह टाळावा. पुढच्या कठड्याला ‘रेल’ म्हणतात आणि तिथे पोहोचण्यासाठी काहीजण सकाळपासून रांगेत असतात. तिथे वादकांचे चेहरे जवळून दिसतात, पण आवाज तुकड्यातुकड्यांनी येतो. ध्वनिनियंत्रकाचे टेबल जिथे असते त्याच्या दहा-पंधरा पावले पुढे किंवा मागे, मध्यभागी उभे राहावे, कारण तो माणूस स्वतःच्या कानाला जे ऐकू येते त्यावरूनच सर्व आवाज जुळवत असतो. टेपर मंडळींचे उंच माइकही तिथेच असतात. त्यांच्या शेजारी उभे असाल तर बोलू नये, शिट्टी वाजवू नये. आपला आवाज पुढची तीस वर्षे कोणाच्या तरी कानात राहील, याचे भान ठेवावे.

गप्पा हा या मैफलींतला सर्वांत मोठा त्रास आहे, आणि याबाबतीत मी कठोर आहे. जोराच्या भागात बोलणे फारसे खुपत नाही, परंतु वादन हळूहळू विरळ होत जाते, चारही वाद्ये कुजबुजत असतात, तेव्हा शेजारच्या माणसाच्या ऑफिसमधल्या गोष्टी ऐकाव्या लागणे फार क्लेशकारक असते. आपल्याला बोलायचे असेल तर बाहेरच्या मार्गिकेत जावे. फोनवर एखादे छायाचित्र घ्यावे आणि फोन खिशात ठेवावा. नाचताना हात-पाय पसरावे लागतात, म्हणून जागा थोडी मोकळी शोधावी. दुसऱ्याच्या अंगाला त्याच्या संमतीवाचून हात लावू नये. ‘ग्रूव्ह सेफ’ ही संस्था मैफलींमध्ये नेमक्या याच विषयावर काम करते. कोणाचा त्रास झाला तर सहन करत न बसता तिच्या स्वयंसेवकांना किंवा सुरक्षारक्षकांना सांगावे, विशेषतः एकट्या गेलेल्या स्त्रियांनी.

प्रत्यक्ष ऐकणे

मैफलीचे सहसा दोन भाग असतात आणि प्रत्येक भाग सव्वा ते दीड तासाचा असतो. पहिल्या भागात तुलनेने आटोपशीर गाणी येतात, बँडची आणि सभागृहाची ओळख होते. लांब विस्तार बहुधा दुसऱ्या भागात येतो. ज्याला पहिल्या भागात कंटाळा आला त्याने मध्यंतरात घरी जाऊ नये, हा माझा आग्रहाचा सल्ला आहे, कारण मी स्वतः पहिल्या वेळी तसाच निघून गेलो होतो.

विस्तार सुरू झाला की बहुतेकांचे लक्ष गिटारवर जाते. तो मोह आवरून पहिली पाच मिनिटे फक्त बास गिटार ऐकावी. या परंपरेत बास हे ठेका धरून बसणारे वाद्य नाही. ग्रेटफुल डेडचे फिल लेश ती जवळजवळ दुसऱ्या मुख्य वाद्यासारखी वाजवत, आणि फिशमध्ये माइक गॉर्डन एखादा स्वर बदलतात तेव्हा साऱ्या वादनाचा रंग पालटतो. बास हाती लागली की ड्रमकडे जावे, तिथून पियानोकडे, आणि सर्वांत शेवटी गिटारकडे यावे. मग चौघांपैकी कोणी सूचना केली आणि कोणी ती उचलली, हे ऐकू येऊ लागते. एखादा वादक तीन स्वरांचा तुकडा टाकतो, दुसरा तो उलटा करून परत देतो, तिसरा त्याखालची लय बदलतो. कधी सूचना कोणीच उचलत नाही आणि ती विरून जाते. हे विरून जाणेही ऐकण्यासारखे असते. फिशच्या वादकांनी उमेदीच्या काळात यासाठी एक सराव ठरवला होता: एकाने तुकडा सुरू करायचा, बाकीच्यांनी आपापला तुकडा त्यात गुंफायचा, आणि इतर सर्वजण नीट जुळले आहेत असे ज्याला ऐकू येईल त्याने ‘हे’ म्हणायचे. स्वतः काय वाजवतो यापेक्षा दुसरा काय वाजवतो हे ऐकण्याची ती तालीम होती, आणि प्रेक्षागृहात उभे राहून आपणही तीच तालीम करू शकतो.

रसिक विस्ताराचे दोन प्रकार मानतात. पहिल्या प्रकारात वादन मूळ गाण्याच्या स्वरचौकटीत आणि लयीत राहून फुलते. दुसऱ्या प्रकारात ती चौकट सुटते, सूर बदलतो, लय बदलते, आणि मूळ गाणे कोणते होते हेही काही काळ विसरायला होते. इथे आपल्या संगीताची उपमा थांबवावी लागते. ख्यालात गवयाने राग सोडला तर ती चूक ठरते. इथे मात्र सर्वांनी मिळून, एकमेकांचा हात न सोडता, घर सोडून बाहेर पडणे ही सर्वांत मोठी कामगिरी मानली जाते. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या त्या तेरा रात्रींपैकी २५ जुलै २०१७ च्या रात्री फिशने ‘लॉन बॉय’ हे गाणे घेतले. एरवी ते दोन-तीन मिनिटांत संपणारे, संथ आणि जुन्या ढंगाचे गाणे आहे. त्या रात्री ते सुमारे अर्धा तास चालले. गाणे संपायला हवे होते त्या क्षणी ते संपले नाही, आणि हे लक्षात येताच सभागृहातून जो आवाज उठला तो त्या मैफलीच्या ध्वनिमुद्रणात आजही ऐकता येतो. विस्तार करणाऱ्यांनाही कदाचित आधीच्या क्षणापर्यंत त्याची कल्पना नसावी, असे मला ते ऐकताना दरवेळी वाटते.

दोन गाण्यांमधली न थांबता केलेली वाट हीसुद्धा लक्ष देण्याची जागा आहे. गाण्यांच्या नोंदीत दोन नावांमध्ये बाणाची खूण असते, तिचा अर्थ मध्ये खंड पडला नाही असा होतो. दुसरे गाणे पहिल्याच्या विस्तारातून, जणू त्याच्याच पोटातून, हळूहळू उमलते तेव्हा सर्वांत आधी ते कोणाला ओळखू येते, याची रसिकांमध्ये चुरस असते. नवख्याने ती चुरस करण्याची गरज नाही. शेजाऱ्याचा चेहरा उजळला की समजावे.

तालाच्या बाबतीत मराठी श्रोत्याला एक आधीचा धागा सापडेल. ग्रेटफुल डेडचे तालवादक मिकी हार्ट यांची १९६७ मध्ये उस्ताद अल्लारखाँ यांच्याशी भेट झाली आणि तबल्याच्या हिशेबाने त्यांची लयीकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. ‘द इलेव्हन’ हे त्या काळातले गाणे ११ मात्रांत आहे. पुढे अल्लारखाँचे चिरंजीव, मुंबईत वाढलेले झाकिर हुसेन, हार्ट यांचे आयुष्यभराचे सहकारी झाले आणि दोघांनी अनेक तालवादकांसह केलेल्या ‘प्लॅनेट ड्रम’ या १९९१ च्या अल्बमला जागतिक संगीतासाठीचे पहिले ग्रॅमी मिळाले. ग्रेटफुल डेडच्या वळणाच्या मैफलीत दुसऱ्या भागात इतर सर्व वादक मंच सोडून जातात आणि केवळ तालवाद्ये वाजतात, त्या भागात अनेक लोक खाण्यापिण्यासाठी बाहेर जातात. आपण जाऊ नये.

काही वर्षांपूर्वी माझे वडील पुण्याहून आमच्याकडे न्यू जर्सीत आले होते. रमणबागेच्या मैदानावर सतरंजी टाकून त्यांनी वर्षानुवर्षे ‘सवाई’ ऐकलेला. त्यांना मी न्यूयॉर्कच्या सिटी फील्ड मैदानावर ग्रेटफुल डेडच्या काही वादकांनी पुढे काढलेल्या डेड अँड कंपनी या बँडच्या मैफलीला नेले. पहिला भाग त्यांनी सौजन्याने ऐकला. तालवाद्यांचा भाग सुरू झाला तेव्हा त्यांची बोटे गुडघ्यावर मात्रा मोजू लागली, आणि थोड्या वेळाने मोजणे थांबवून ते म्हणाले, ‘अरे, हे समेवर येतच नाहीत. पण येतील असं वाटायला लावतात, ते खरं.’ त्यानंतर परत गाणे सुरू होईपर्यंत ते एक शब्दही बोलले नाहीत. हे संगीत कसे ऐकावे याचे इतके नेमके वर्णन मला नंतर कोणाकडूनही मिळालेले नाही.

श्रोत्यांचाही त्या घडण्यात वाटा असतो. ३१ जुलै २०१३ रोजी टाहो सरोवराकाठी फिशने ‘ट्वीझर’ सुमारे ३७ मिनिटे वाजवले. वादकांनी मधेमधे क्षणभराच्या रिकाम्या जागा सोडल्या, प्रेक्षकांनी त्या जागांमध्ये एका सुरात आरोळी घातली, वादकांनी ती ऐकून पुन्हा तशीच जागा सोडली, आणि प्रेक्षागृह हे पाचवे वाद्य झाले. त्यानंतर लोक ती आरोळी कुठेही घालू लागले आणि अनेक हळुवार जागा त्यात बुडाल्या. आरोळी घालायची ती संगीताने जागा दिली तरच घालावी. शिवाय डोळे मिटून ऐकण्याची सवय असली तरी अधूनमधून प्रकाशयोजना पाहावी. फिशचे प्रकाशयोजनाकार क्रिस कुरोडा हेही वादकांसोबत जागच्या जागी सुचेल तसे काम करतात, आणि कित्येकदा वळण येणार असल्याची चाहूल रंगांवरून आधी लागते.

तरीही कंटाळा येईल. वीस मिनिटांपैकी सात मिनिटे बँडला काहीच सापडत नाही, असे प्रत्यक्षात होते. त्या वेळी नाराज न होता पाणी प्यावे, पाय मोकळे करावेत आणि पुन्हा बासवर यावे. जिथे चुकण्याची मुभा नाही तिथे नवे काही सापडणारही नाही, हे वादकांनी स्वीकारलेले असते आणि आपणही स्वीकारावे.

मुक्कामाचे उत्सव

एका रात्रीची मैफल पचली की मुक्कामाच्या उत्सवाचा विचार करावा, त्याआधी नको. फिशने १९९६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील प्लॅट्सबर्गच्या बंद पडलेल्या हवाई तळावर ‘क्लिफर्ड बॉल’ भरवला, तेव्हापासून एकाच बँडसाठी हजारो लोकांनी तंबू ठोकून राहण्याची प्रथा रुजली. १९९९ च्या शेवटच्या रात्री फ्लोरिडातील बिग सायप्रस येथे ते मध्यरात्रीपासून सूर्योदयापर्यंत मंचावरून न उतरता वाजवत राहिले. रात्रभराच्या गाण्यानंतरचा भैरव ज्याने ऐकला आहे, त्याला त्या पहाटेचे महत्त्व वेगळे समजवावे लागणार नाही. अनेक बँडना एकत्र आणणारे बॉनारू टेनेसीतील मँचेस्टरला २००२ पासून भरते. ते आता जॅम बँडपुरते राहिलेले नाही, म्हणून या लेखाच्या वाचकाने लहान उत्सव निवडावा असे मला वाटते.

गाड्या ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने तंबूची जागा मिळते, त्यामुळे मित्रांना शेजारी राहायचे असेल तर बाहेरच्या पेट्रोल पंपावर भेटून एकामागोमाग आत शिरावे. तंबूसोबत उन्हासाठी चार खांबांचे छत घ्यावे आणि त्याचे खांब जमिनीत पक्के रोवावेत, कारण दुपारच्या वाऱ्यात सुटलेले छत शेजाऱ्याला जखमी करते. जमिनीवर अंथरायला प्लास्टिकचा जाड कागद, रात्रीच्या थंडीसाठी लोकरीचे कपडे, मोज्यांचे तीन-चार जोड आणि गुडघ्यापर्यंतचे गमबूट ठेवावेत. २००४ मध्ये व्हरमाँटमधील कॉव्हेंट्रीच्या उत्सवात पावसाने मैदानाचा चिखल झाला, गाड्या आत घेणे बंद झाले आणि लोक महामार्गावर गाड्या सोडून मैलोन् मैल चालत मैफलीला गेले. तेव्हापासून जाणते रसिक पाठीवर मावेल एवढे सामान वेगळे बांधून ठेवतात. मीही ठेवतो.

पाणी जेवढे लागेल असे वाटते त्याच्या दुप्पट न्यावे. पोहे, भडंग, थालीपिठाची भाजणी असे थोडक्यात होणारे आणि टिकणारे पदार्थ इथे फार उपयोगी पडतात. सकाळी तंबूबाहेर कांदेपोह्यांचा वास सुटला की अनोळखी शेजारी आपणहून जवळ येतात, आणि एक वाटी पोह्यांच्या बदल्यात आम्हाला एकदा पावसात भिजलेला तंबू सुकवण्यासाठी संपूर्ण व्हॅन मिळाली होती. गर्दीत मोबाइलचे जाळे चालत नाही, म्हणून हरवल्यास कुठे भेटायचे ते आधी ठरवावे. आपल्या तंबूवर ओळखू येईल असे काहीतरी उंच लावावे. आम्ही कागदी आकाशकंदील लावतो.

झोप जपावी. दुपारी दोन तास सावलीत पडावे, म्हणजे मध्यरात्रीनंतरच्या वादनाला डोळे उघडे राहतात. निघताना कचरा उचलावा, स्वतःचा आणि शेजारचा राहिलेला थोडासाही. फिशच्या मैफलींत पुनर्वापराचा कचरा गोळा करणारे स्वयंसेवक असतात. पहिल्या उत्सवात त्यांच्याबरोबर दोन तास काम केले तर ओळखी आपोआप होतात.

मैफल संपल्यावर

दिवे लागले की लगेच गाडीकडे धावू नये. बाहेरची कोंडी सुटायला तास जातोच. तो वेळ लॉटमध्येच काढावा, काही खावे, पाणी प्यावे, आणि ज्याने गाडी चालवायची त्याला खरोखर झोप येत नाही ना, हे विचारून घ्यावे. लांबचा प्रवास असेल तर जवळच मुक्काम करावा. घरी आल्यावर, गाण्यांची नोंद पाहण्यापूर्वी, आठवते तेवढे वहीत लिहावे: कोणत्या गाण्यात विस्तार झाला, तो कुठे वळला, त्या वेळी आपण कुठे उभे होतो, शेजारी कोण होते. दोन-तीन दिवसांनी ध्वनिमुद्रण मिळेल. ते पहिल्यापासून लावू नये. आपल्याला आठवणारी एकच जागा शोधून तेवढीच ऐकावी आणि वहीतले पान शेजारी उघडे ठेवावे. वळण घेण्याच्या आधीची ती दोन-तीन मिनिटे, जी मैफलीत निसटली होती, ती आता ऐकू येतील, आणि त्यांतला बासचा एखादा स्वर कोणी टाकला व कोणी उचलला, हे त्याच पानावर खाली लिहून ठेवावे.